वीतभर जास्तीचा कोट

सकाळी हँगरवर तो कोट इतक्या रुबाबात लटकत होता, की त्याच्याकडे बघण्याच्या नादात, सगळे जिला टाचणी म्हणत, ती मुलगी दोनदा दारावर आपटली. हँगरइतकं खोटारडं जगात दुसरं काही नसेल. त्याला पोट नाही, पाठ नाही, उठबस नाही. त्यामुळे त्याच्यावर काहीही घाला, शोभतंच. कोट आधी पुतळ्यावर चढवून बघायला हवा होता, हे कबूल. पण कॉलेजात पुतळे तीन आणि शेवटच्या वर्षाच्या मुली चाळीस. ज्यांना पुतळे मिळाले होते त्या महिनाभर त्यांना सख्ख्या बहिणीसारखं सांभाळत होत्या, कुणाला हात लावू देत नव्हत्या. टाचणीने कोट घरी जेवणाच्या टेबलावर शिवला. फॅशन शो दुपारी तीनला होता. तीन वाजून दहा मिनिटांनी, शो सुरू असताना, मॉडेलने तो अंगात घातला आणि ती कोटात दिसेनाशी झाली.

"आत अजून कुणी येणार आहे का?" मॉडेलने कॉलरमधून विचारलं.

टाचणीच्या तोंडात नेहमीप्रमाणे चार टाचण्या होत्या, त्यावरूनच तिचं हे नाव पडलं होतं. त्या गिळल्या गेल्या नाहीत, हेच नशीब. तिने एकेक करून त्या काढल्या आणि मैत्रिणीकडे वळली. मैत्रीण कापडाच्या छपाईचं शिकत होती. करंगळीएवढा तुकडासुद्धा तिच्याच्याने टाकवत नसे, म्हणून सगळे तिला चिंधी म्हणत. शेवटच्या शोसाठी दोघींनी जोडी जमवली होती. कोटाच्या मापाचे कागद टाचणीने काढले, ते कापडावर ठेवून कापायचं काम चिंधीने केलं, आणि कापलेल्या कळ्या, म्हणजे कोटाचे उभे तुकडे, शेजारी शेजारी मांडून पाठीवर चित्रही तिनेच छापलं. एक उघडं कपाट, आणि त्यातून धबाधबा कोसळणारे कपडे.

"कापताना शिलाईसाठी जागा सोडलीस?" टाचणीने हळूच विचारलं.

"सोडली की. बोटभर. दोन्ही बाजूंनी."

"अगं, ती कागदात मी आधीच धरली होती."

चिंधीचा चेहरा पडला. "कापड कमी पडलं तर बोंब नको, म्हणून सोडली गं मी. वर्गात आपण कापतानाच सोडतो ना."

वर्गात कापतानाच सोडत, हे खरं होतं. पण सुट्टीत टाचणी एका शिंप्याकडे काम शिकायला गेली होती आणि कागदातच जागा धरायची तिथली सवय घेऊन आली होती. म्हणजे बोटभर जागा दोनदा सुटली. कळ्या आठ, प्रत्येक कळीला बाजू दोन. कोट वीतभराहून जास्त फुगला होता आणि दोघींना पत्ता नव्हता.

उसवून आवळावा, तर कपाटाची दोन्ही दारं शिलाईत गडप होणार. मागून चिमटे लावावेत, तर चित्र नेमकं मागेच. दुसऱ्या कुठल्याही दिवशी टाचणी खळखळून हसली असती. आज पहिल्या रांगेत कात्रीबाई बसल्या होत्या. शहरातल्या सगळ्यात मोठ्या कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या त्या मुख्य. चाळीस जणींतून त्या एकीला कामावर घेणार होत्या. आणि त्यांच्या मागच्याच खुर्चीत टाचणीची आत्या बसली होती.

आत्या विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होती. भाचीचं काय करायचं हा प्रश्न टाचणीच्या वडिलांनी थोरल्या बहिणीवर सोपवून हात झटकले होते, आणि आत्याने तो कचेरीतला प्रश्न सोडवावा तसा सोडवला होता. शोमधून काम मिळालं तर ठीक, नाही तर सोमवारपासून तिच्या हाताखाली फायली लावायच्या. अर्ज भरलेला होता. फक्त सही राहिली होती, आणि त्यासाठी आत्या पेनसुद्धा घेऊन आली होती.

पडद्याच्या फटीतून टाचणी आत्याकडे बघत राहिली. आत्या चांगली ऐसपैस होती. खुर्चीच्या दोन्ही हातांत तिने स्वतःला जेमतेम बसवलं होतं.

"नाही हं," चिंधी म्हणाली. तिला मैत्रिणीची नजर ओळखता येत होती.

"दुसरं कोण आहे?"

"अगं, ती तुला फाडून खाईल."

"सोमवारनंतर रोज खाणारच आहे."

टाचणी बाहेर गेली आणि चेहरा शक्य तितका गरीब करून म्हणाली, "आत्या, दोन मिनिटं आत येतेस? एका कोटाचं माप बघायचंय."

आत्या आली. कोट चढवला. बटणं लावताना तिने सवयीने पोट आत ओढून श्वास रोखला, आणि बटणं आपली लागली. तिने श्वास सोडून पाहिला. तरी लागलेलीच. मग वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. टाचणीने हे सगळं पाहिलं, पण तेवढ्यात बाहेर तिचा क्रमांक पुकारला गेला.

"आता जरा समोर चालून दाखव," ती म्हणाली. "या बाजूने. सरळ."

"इतका उजेड का आहे तिथे?"

"कापड नीट दिसावं म्हणून."

आणि पडदा बाजूला झाला.

रॅम्पवर आत्या कचेरीत फेरी मारावी तशीच चालली. संगीताकडे तिने लक्ष दिलं नाही. तेच बिचारं तिच्या पावलांमागे फरफटत गेलं. अर्ध्या वाटेत एका गृहस्थांचे पाय रॅम्पच्या कडेवर टेकलेले दिसले. ती थांबली आणि ते खाली जाईपर्यंत थांबूनच राहिली. टोकाला फोटोवाल्यांनी गलका केला, तेव्हा कुठे आपण काय करतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं. दुसरी एखादी पळाली असती. आत्याने शांतपणे दोन्ही हात खिशात घातले. खिसेही चुकून मोठे झाले होते, हात मनगटापर्यंत आत गेले. तिने वळून पाठ दाखवली, आणि कपाटातून कोसळणारे कपडे त्या दिवाणखान्याएवढ्या पाठीवर ऐटीत पसरले.

इकडे चिंधीने निवेदकाच्या हातातला माइक केव्हाच पळवला होता. "कपाटात ढीगभर कपडे, आणि बाईला होत एकही नाही," ती ठणकावून म्हणाली. "म्हणून हा कोट. खऱ्या बाईचा, खऱ्या मापाचा." हे वाक्य तिला त्याच क्षणी सुचलं होतं. टाळ्या अशा वाजल्या, की तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

आत्या पडद्याआड आली ती लालबुंद होऊन. "माप बघायचं होतं ना?" एवढंच म्हणाली. पुढचं तोंडातच राहिलं, कारण मागोमाग कात्रीबाई आल्या. बुटक्या, गळ्यात टेप, नजर थेट शिलाईवर. आत्याची परवानगी न विचारता त्यांनी कोटाची कड उलटून पाहिली.

"हे माप मुद्दाम धरलंत?"

"हो तर," चिंधी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून हाच विचार."

कात्रीबाईंनी टाचणीकडे पाहिलं. नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की फायली गेल्या, कचेरी गेली, आणि हवं होतं ते काम हातात. टाचणीच्या जिभेवर तो होकार येऊन बसला होता.

"नाही," ती म्हणाली. "चूक झाली. शिलाईची जागा दोनदा सुटली."

चिंधीने डोळे मिटून घेतले.

"ते दिसतंय," कात्रीबाई म्हणाल्या. "ताई, हात वर करा बरं." आत्याने हात वर केला, तसा अख्खा कोट वर चढला. "पोट वाढलं म्हणून माणसाचा खांदा वाढत नाही. मुद्दाम केलं असतं तर खांदा जागेवर असता. हो म्हणाली असतीस, तर आत्ताच निघाले असते. दुसऱ्यांदा जागा कुणी सोडली?"

चिंधीचा रंग उडाला. तिलाही कुठे ना कुठे काम मिळवायचंच होतं.

"कुणीही सोडो. जागा धरली आहे, हे मी कागदावर लिहिलं नव्हतं," टाचणी म्हणाली. "लिहायला हवं होतं."

कात्रीबाईंनी कोटाची कड पुन्हा सरळ केली. "आमच्याकडे एक कागद निघाला की त्यावर पाचशे कोट कापले जातात. चूक लपवणारा माणूस मला परवडत नाही. सोमवारी सकाळी ये. तीन महिने नुसते कागद काढायचे आणि प्रत्येकावर लिहायचं. कापडाला बोट लावायचं नाही." मग चिंधीकडे वळून म्हणाल्या, "छपाई छान आहे. माइकपासून लांब राहा." आणि निघून गेल्या.

आता खोलीत तिघी उरल्या. टाचणीला नाचायचं होतं, पण आत्याकडे बघून तिचे पाय जमिनीला चिकटले.

"म्हणजे," आत्या सावकाश म्हणाली, "चारशे लोकांसमोर मी तुमची चूक अंगावर घालून फिरले."

"आत्या, मी खोटं बोलून नेलं तुला. सॉरी."

आत्याने पर्समधून फोन काढून नंबर लावला.

"साहेब, मी बोलतेय. सोमवारी माझी भाची येणार नाही... नाही, आजारी नाही. तिला काम लागलंय... हो, तिला काही येत नाही, असं मीच म्हणाले होते." हाताने तिने कोटाचं मधलं बटण चाचपलं. "येतं तिला. मला माहीत नव्हतं."

फोन ठेवून तिने तो कोटाच्या खिशात टाकला. टाचणीला रडू आवरेना. तिने डोळे पुसले आणि कोट घ्यायला हात पुढे केला. "दे, खांदे उसवून नीट करून देते."

"कर की. पण मी हा काढणार नाही."

"अंगावर असताना खांदा कसा उसवणार?"

"मला काय विचारतेस?" आत्या पर्स उचलून दाराकडे निघाली. "सोमवारी जाशील तिथे विचार."