वहिनींचा चंद्र

वडिलांच्या काळात आमच्या थिएटरचा पडदा वरच्या कोपऱ्यात फाटला, तेव्हा आईने त्याला गोल ठिगळ लावलं. ते पडद्याहून पांढरं असल्याने प्रत्येक सिनेमात, भर दुपारीसुद्धा, तिथे चंद्र दिसायचा. आईला वहिनी म्हणणारं गाव त्याला ‘वहिनींचा चंद्र’ म्हणे.

वडील गेल्यावर दादाने नवा पडदा आणला. आईने जुन्याचं ठिगळ तेवढं उसवून जवळ ठेवलं.

पहिल्याच खेळाला अंधारातून कुणीतरी ओरडलं, “वहिनी, आज अमावास्या का हो?”

सगळे हसले, पण नजरा कोपऱ्यातच घुटमळत राहिल्या.

मध्यंतरात दादा सुईदोरा घेऊन आईसमोर आला. “आण तो चंद्र. मी शिडी धरतो.”

मध्यंतरानंतर सिनेमातल्या वाळवंटावर, भर उन्हात, जरासा पिवळट चंद्र उगवला.