ट्रंकेतलं कापड

घानातल्या आमच्या कुमासीत बायकांना भांडायला तोंड लागत नाही, कापड पुरतं. प्रत्येक छापाला नाव असतं आणि ते बाजारातल्या शेंबड्या पोरीलाही पाठ असतं. माझी आई पोकुआ जन्मभर हीच कापडं विकत आली. आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या, बिरागोच्या लग्नात ती नेमकं 'घरचेच खडे' नेसून गेली. बाहेरच्यापेक्षा घरचे खडे पायाला जास्त टोचतात, असा त्या छापाचा अर्थ. जावई तिला पसंत नव्हता. वऱ्हाडातल्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. बिरागो नवऱ्याबरोबर राजधानीला, अक्राला गेली ती गेलीच. त्यानंतर बोलणं फक्त माझ्याशी, तेही फोनवर. दोघी एकाच माळेचे मणी. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.

मग तो आजार आला आणि शहरं बंद झाली. बिरागो अक्राच्या बाजारात बायकांच्या रांगेत बसून मासे तळून विकायची. तिचा फोन आला की मास्कशिवाय पोलीस बसू देत नाहीत, दुकानात मास्क मिळत नाहीत, तू शिवणकाम करतेस तर दोन-चार शिवून पाठव. मी उरलेल्या चिंध्या काढून बसले. आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. आत गेली आणि ट्रंकेतलं कापड घेऊन आली.

ट्रंकेतलं कापड म्हणजे तिचं जायच्या वेळचं. सहा वार, अखंड, कात्री न लागलेलं. असं कापड बाईने स्वतःच जपून ठेवायचं आणि शेवटच्या दर्शनाला ते तिच्या अंगावर घालायचं, ही आमची रीत. आई दरवर्षी त्याला ऊन दाखवून पुन्हा डांबरगोळ्यांत ठेवायची. छाप 'घरचेच खडे'च. तिने विकलेला पहिला छाप तो, त्याने आम्हाला जेवू घातलं, म्हणून निवडलेला.

"काप," ती म्हणाली.

मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं, चिंध्या आहेत की.

"चिंध्या माझ्या पोरीला नकोत. तिच्या रांगेतल्या सगळ्या बायकांना पुरतील एवढे शिव. चारचौघींत मानाने वाटून देईल ती."

"आणि तू काय घालून जाशील?"

"मेलेल्याला तोंड झाकावं लागत नाही."

तिच्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? रेडिओवर सांगायचे तसं कापड उकळत्या पाण्यातून काढलं. डांबरगोळ्यांचा वास गेला. पहिली कात्री लावताना आई बघायला थांबली नाही. चुण्या घातल्या, आतून पांढरं अस्तर, कानांना इलॅस्टिक, आणि केळ्यांच्या ट्रकवाल्याबरोबर गठ्ठा अक्राला गेला.

रोज संध्याकाळी आई विचारायची, फोन आला का. आला, पण मलाच.

"आईला सांग, टोमणा पोचला," बिरागो म्हणाली. "लग्नात एकटीच नेसली होती. आता माझ्या अख्ख्या रांगेच्या तोंडावर बांधायला पाठवलाय."

मी अगं ऐक, अगं ऐक म्हणतेय तोवर तिने फोन ठेवला. नंतर किती वेळा लावला, तिने उचललाच नाही. जन्मभर कापडांची बोली बोललेली बाई, आणि हे कापड बिरागोच्या हातात पडल्यावर काय बोलेल ते तिच्या ध्यानातच आलं नाही. तिला ते फक्त ट्रंकेतलं कापड दिसत होतं. मला दोघींचा राग आला आणि रडूही आलं. आईला मी सांगितलं, मास्क फार आवडले, अख्ख्या रांगेने बांधलेत. खोटं बोलले, वेळ आली तर पुन्हा बोलेन. आई कितीतरी दिवसांनी हसली.

"कुठलं कापड ते ओळखलं असेल तिने," म्हणाली.

रस्ते उघडले त्याच आठवड्यात आई झोपेत गेली. जुनं रक्तदाबाचं दुखणं, दुसरं काही नाही. बिरागो मिळेल त्या बसने आली. काखेत तोच गठ्ठा. हा आईपुढे टाकून जाब विचारणार होते, म्हणाली, आता कुणाला विचारू. मावशीने आईला न्हाऊ घातलं आणि आतून कापड मागितलं. बिरागोच उठली. ते कुठे असतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने ट्रंकेचं झाकण उघडलं. आत नुसत्या डांबरगोळ्या.

"ताई, तिचं कापड कुठंय?"

मी गठ्ठ्याकडे बोट केलं.

ती रडली नाही. गठ्ठा ओढून खाली बसली. मग ब्लेड मागून घेतलं आणि एकेका मास्कची शिवण उसवायला लागली. मी मशीनवर तुकडे जोडत गेले. चुण्यांच्या खुणा इस्त्रीने गेल्या नाहीत. शिवणींत इतकं कापड गेलं की ते पायांपासून छातीपर्यंतच पुरलं, खांद्यांवर माझी शाल घालावी लागली. मावशी म्हणाली, हे काय गोधडीसारखं. बिरागो म्हणाली, असू दे.

दफनाला मोजकीच माणसं न्यायची परवानगी होती, तीही मास्क बांधून. आम्ही बाकी सगळ्यांनी काळे बांधले. बिरागोने एक मास्क न उसवता मागे ठेवला होता, तो बांधला. फाटकाजवळच्या बायकांनी छाप ओळखला. एकमेकींकडे पाहिलं, मग तिच्याकडे. घरचा खडा कोण, ते त्यांना वेगळं सांगायला नको होतं. मी तिच्या कानाशी म्हटलं, माझ्याकडे काळा आहे, घे.

"नको," ती म्हणाली. "वाचू दे त्यांना."