सदुसष्टचं मॉडेल

जीप घेऊन गावात आलं की मानसं रामराम घालायच्या आधी इचारत्यात, "मॉडेल कितीचं?" ब्रेक लागत्यात का, चढ काढती का, तेल किती खाती, ह्यातलं काय बी न्हाई. मॉडेल कितीचं! जसं काय सोयरीक जुळवायला आल्यात. शाळामास्तर इचारतो, चक्कीवाला इचारतो, ज्याला सायकलीत हवा भराय येत न्हाई त्यो बी बॉनेटवर हात ठिवून इचारतो. पैली दोन वरसं मी सगळ्यास्नी एकच उत्तर दिलं, एकाहत्तर. ते उत्तर देता यावं म्हनून म्या चांगली गाडी सोडली आन् भंगार घरी आनलं. पर गाडीचं दुखनं न्हाई मला. गाडीपायी जे कळलं त्याचं हाय.

माझं नाव आकाराम. पंधरा वरसं मिलटरीत ड्रायव्हर व्हतो, चवऱ्याहत्तरला पेन्शनीत आलो. गाव पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. यष्टी खालच्या फाट्यापतुर येती, तितनं वळनावळनाचा सा मैल चढ. आजारी मानूस झोळीत घालून खाली न्यायचा, नवरी पायी वर यायची. मी ठरवलं, एक जुनी जीप घ्यायची, फाटा ते गाव शिटा वाहायच्या. दुसरा धंदा मला येतोय कुठं? शेतात माझी लुडबूड बघून बैलं बी हसत्यात.

आता सदुसष्टचं सांगायला पायजे.

आमच्याकडं सालं आकड्यानं मोजत न्हाईत. दुष्काळाचं साल, पटकीचं साल. सदुसष्ट म्हनलं की समोरचा लगीच म्हननार, "म्हंजे भूकंपाचं!" त्या साली डिसेंबरात भल्या पहाटं आमच्या घराची दगडी भिंत आत पडली. माझी लेक मनू त्या भिंतीकडंला निजली व्हती. सव्वादोन वरसांची. मी सिक्कीमच्या सरहद्दीवर. दिवाळीची रजा मंजूर झाली व्हती, पर तिकडं गोळीबार झाला आन् सगळ्यांच्या रजा बंद. दिवाळीला जायचा त्यो मी तार घेऊन आठव्या दिशी गावात पोचलो. सुला, माझी बायको, शेजारच्याच्या गोठ्यात पत्र्याखाली बसली व्हती. एक हात गळ्यात बांधलेला. मला बघून तिनं तोंड उघडलं, काय तरी सांगनार व्हती, आन् म्या तिला बोलू दिलं न्हाई. म्हनलो, "झालं ते झालं. ह्या सालाचं नाव ह्या घरात परत काढायचं न्हाई. पोरीचं बी न्हाई." हुकूमच सोडला. ती "बरं" म्हनली.

मला वाटलं, जखमंला हात लावला न्हाई की खपली धरती. पुढं आमाला मूल झालं न्हाई. घर नवं बांधलं, मी नोकरीवर परत गेलो, रजंवर येत राह्यलो, पर त्यो हुकूम सुलानं एकदा बी मोडला न्हाई. मला वाटायचं, बायको लय खंबीर हाय माझी.

पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर मी सांगलीला गेलो. तितं कुपवाडच्या रस्त्याला बादशहा मिस्त्रीचा कारखाना हाय. बादशहा माझ्याच कंपनीत मेकॅनिक व्हता, माझ्याआधी दोन वरसं सुटला. त्यानं माझ्यासाठी दोन जीपा हेरून ठिवल्या व्हत्या. एक सदुसष्टची, एक एकाहत्तरची.

सदुसष्टची माधवनगरच्या एका गिरणीतल्या सायबाची. रंग उडालेला, हूड फाटलेलं, म्होरचा एक दिवा आंधळा. पर म्या सेल मारला आन् इंजिन आसं लागलं, की कान सुखावलं. धूर न्हाई, खडखड न्हाई. म्या तिला मागच्या वढ्यात घातली, फोर व्हीलचा दांडा टाकला, आन् ती चिखलातनं म्हशीगत सावकाश वर आली. कुठं घसरली न्हाई.

एकाहत्तरची म्हंजे नुसती नवरी. हिरवाकंच रंग, नवं रेक्झिन, आरशाला गोंडं. एका ठेकेदारानं ती खडी वाहायला घातली व्हती. दुसरा गिअर चढावर निसटायचा. मी तिच्याखाली पाठीवर सरकलो आन् बघितलं, चासी दोन जागी तडकलेली, येल्डिंग मारून वरनं ताजा रंग फासलेला. बादशहा माझ्या शेजारी तसाच सरकला आन् बॅटरी मारून म्हनला, "दिसतंय न्हवं? दोन पावसाळं काढंल, तिसऱ्याला कंबर मोडंल. सदुसष्टची घे, गड्या. धा वरसं बघाय नगं."

मला समदं दिसत व्हतं. पंधरा वरसं डोंगरात गाड्या हाकल्याल्या मानसाला काय शिकवायचं? पर माझ्या डोक्यात गाडी नव्हतीच. माझ्या डोक्यात आमचं आंगन व्हतं. गाडी दारात उभी हाय, मानसं जमल्यात, कोन तरी इचारतंय "मॉडेल कितीचं?", मी म्हनतोय "सदुसष्ट", त्यो म्हनतोय "म्हंजे भूकंपाचं!", आन् सुला दारात तांब्या घेऊन उभी हाय. आसं एकदा न्हाई, रोज. खोटं साल सांगावं, तर गाडीच्या बुकात खरं लिव्हलेलं, आन् खोटं बोलायचं मला जमत न्हाई. जीभ अडखळती, लगीच धरला जातो.

मी खालनं भायेर आलो, अंग झाडलं आन् म्हनलो, "एकाहत्तरची घेतो."

बादशहानं पाना खाली टाकला. "डोस्कं फिरलं का रं तुझं? येल्डिंग बघितलंस न्हवं?"

"बघितलं."

"आन् मग?"

"रंग चांगला हाय."

"रंग!" त्यो वराडला. कारखान्यातली मानसं हातातलं काम सोडून बघाय लागली. "आरं, रंग बघून गाडी घ्यायला तू काय जावाई हाईस का ठेकेदाराचा? सायब लोकांस्नी गाड्यांतलं शिकवनारा मानूस तू, आन् आज रंगावर भुलतोस?"

त्यो आजून दोन शिव्या देनार व्हता, पर त्याची नजर सदुसष्टवर गेली आन् त्यो थांबला. तार आली तवा त्योच माझ्या शेजारी बसला व्हता. त्यानंच वाचून दावली व्हती. त्याचा आवाज एकदम खाली आला. "वैनीस्नी इचारलंस का?"

"घरच्यास्नी काय कळतंय गाडीतलं?" मी फाडदिशी बोललो. "मला जे पायजे ते मी घेतो. तुला इकायची नसंल तर सांग."

त्यानं चावी काढून माझ्या हातावर ठिवली.

गाडी घरी आली तवा सुलानं तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मानसं जमली. "मॉडेल कितीचं?" "एकाहत्तर!" मी छाती काढून सांगितलं आन् चोरून सुलाकडं बघितलं. ती नारळाचं तुकडं वाटत व्हती. मला वाटलं, जितलं आपुन.

बादशहाचं बोलनं खरं झालं, निस्तं वाईच लवकर. पैला पावसाळा तिनं कन्हत कुथत काढला. दुसऱ्या पावसाळ्यात, सत्त्याहत्तरच्या आषाढात, फाट्यावरनं वर येताना तिसऱ्या वळनाला गाडीत काड्कन आवाज झाला आन् म्होरलं चाक येडंवाकडं बसलं. गाडीत दुधाच्या किटल्या, नऊ मानसं, त्यात एक बाळंतीन. मरनाचा पाऊस. सगळी चिखलातनं पायी घरी गेली. जाताना एक म्हातारी मला ऐकू जाईल आशी म्हनली, "झोळीच बरी व्हती की रं बाबा." दुसरा कोन म्हनला आसता तर म्या त्याचं बकोट धरलं आसतं. तिला काय बोलनार? खरंच बोलली ती.

गाडी आठ दिस वळनावरच पडून राह्यली. त्याच हप्त्यात सुलाची आई साताऱ्याच्या दवाखान्यात व्हती. सुला तिला बघून यष्टीनं परत आली आन् फाट्यावर तिला जोतीराम भेटला. खालच्या वाडीचा जोतीराम. त्यानं बी औंदा जीप घेतली व्हती, बादशहाकडनंच. कुठली, ते मला ठावं व्हतं. ती येताना दिसली की मी तोंड फिरवायचो. त्यानं सुलाला बसवलं आन् चिखलातनं सरळ आमच्या दारात आनून सोडलं.

दिवा लावायची येळ व्हती. मी वसरीवर बसून चासीचा तुटका तुकडा कानशीनं घासत व्हतो. कशासाठी, ते इचारू नगा. सुलानं पाय धुतलं, आत गेली, परत भायेर आली आन् माझ्यासमोर बसली.

"आवं, जोतीरामची गाडी सदुसष्टची हाय."

माझा हात थांबला. दहा वरसांत पैल्यांदा तिच्या तोंडून त्यो आकडा आला व्हता.

"त्यो म्हनला, तुमी ती आदी बघितली व्हती. चांगली हाय म्हनून कळत आसून सोडली. मिस्त्रीनं सांगितलंय त्याला. भूकंपाचं साल म्हनून सोडली."

"व्हय, सोडली," मी म्हनलो. पकडला गेलो की मला राग येतो, तसा आला. "तुझ्यासाठीच सोडली! रोज धा जन मॉडेल इचारनार, रोज धा येळा ते साल तुझ्या कानावर पडनार. तुला सोसलं आसतं?"

"मला?" तिनं माझ्याकडं आसं बघितलं, जसं काय मी कोन परका मानूस तिच्या वसरीवर येऊन बसलोय. "मला काय म्हनून सोसलं नसतं? ते साल काय एका दिसाचं व्हतं? तुमाला एक तार आली, म्हनून तुमच्यासाठी एका दिसाचं. माझं त्यातलं अकरा म्हयनं मनूसंगट गेल्यात. शिमग्याला ती सोंगं बघून माझ्या पदरात घुसली. बेंदराला बैलाच्या शिंगाला हात लावला आन् दिसभर त्यो हात कुनाला धुवू दिला न्हाई. बोलाय लागली ती त्याच साली. पळाय लागली त्याच साली." तिनं दम घेतला. "तुमी बी हुता की ईस दिस. माघ म्हयन्यात रजंवर आला व्हता, इसरला?"

इसरलोच व्हतो. न्हाई, इसरलो न्हाई. त्या सालासंगट ते ईस दिस बी म्या पुरून टाकलं व्हतं. पैलं आठ दिस ती माझ्या जवळ आली न्हाई, मिशा बघून रडायची. नवव्या दिशी माझ्या बुटात दोनी पाय घालून वसरीभर चालली. ह्याच गावात. आन् मी ते कधी आठवलं न्हाई.

"गाडी तुमी सोडली, तुमची मर्जी," सुला म्हनली. "माझं साल मला कशापायी सोडाय लावलं?"

मी कानस खाली ठिवली. पंधरा वरसं हुकूम घेतलं आन् दिलं, पर दिलेला हुकूम माघारी कसा घ्यायचा ते मला कुनी शिकवलं नव्हतं. शेवटी मी एवढंच म्हनलो, "सांग की मग. आजून काय करायची ती?"

सुलाचा चेहरा एकदम खुलला. ती माझ्याकडं सरकली. "लय करायची. खाली फाट्याला यष्टीचा भोंगा झाला की हातातलं टाकून आंगनाच्या कडंला पळायची. तुमी गाडी चालवता ना, म्या सांगितलं व्हतं तिला. मग प्रत्येक गाडी तुमचीच. हात हलवायची आन् तुमाला हाक मारायची. मोठ्यानं. शेजारची सगळी हसायची."

"हाक? काय म्हनून?"

"काय म्हनून म्हंजे..." सुला बोलता बोलता थांबली.

"बाबा न्हवं. आबा न्हवं," ती सावकाश म्हनली. "तिचं तिनंच केल्यालं व्हतं काय तरी. येगळंच. वाईच बोबडं..." तिनं डोळं मिटलं. ओठ हलवून बघितलं. परत हलवलं. आतनं काय बी आलं न्हाई.

"आठव की," मी म्हनलो. "सुला, आठव."

"आदी सारखं कानात यायचं वो. भाकरी थापताना, पानी वढताना. तुमी रजंवर आला की वाटायचं, आज सांगावं, ह्यास्नी ऐकू तरी दे. मग तुमी सांगितल्यालं ध्यानात यायचं. गप बसायची." तिनं पदर तोंडाला लावला. "कवा गेलं ते कळलंच न्हाई. आता न्हाई आठवत."

मनू गेल्यावर सुलाला रडताना म्या त्या दिशी पैल्यांदा बघितलं. मी तिला गप म्हनलो न्हाई.

एकाहत्तरची भंगारात गेली. आता मी जोतीरामची गाडी चालवतो, आड दिसाला. "मॉडेल कितीचं?" मानसं इचारत्यात. मी सांगतो, सदुसष्ट. सांजंला घरी आलो की सुला चुलीम्होरं बसून त्या सालातलं काय तरी सांगती, मी ऐकतो. कवा कवा तेच परत सांगती, तरी ऐकतो. दोन वरसं झाली. मनू मला काय म्हनून हाक मारायची, ते तिला आजून आठवल्यालं न्हाई.