ठिपक्यांच्या रेघेवर फाडावे

एप्रिलच्या उन्हात तांब्याबाहेर साचलेले दव.

खोक्यावरचे चित्र: कोट घातलेला एक माणूस, समोर पांढरा ढीग.

"भांडा ना माह्याशी. एक डाव."

दोन पावलांएवढी कोरडी जमीन.

आडवी ठिपक्यांची रेघ, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत: येथे फाडावे.

मित्रांनो, ही शेवटची रेघ माझ्या अंगावरची. मी ग्यारंटीचा जुना कागद आहे. खरे सांगायचे तर अर्धाच आहे. पुरा होतो तेव्हाची गोष्ट आधी सांगतो.

माझा जन्म फार दूरच्या, फार थंड देशातल्या एका छापखान्यात झाला. शाई ओली होती तेव्हा खिडकीबाहेर काहीतरी पांढरे पडत होते, एवढेच आठवते. मग मला सुतळीने एका लाल यंत्राच्या मुठीला बांधले. ते यंत्र घरासमोरचा बर्फ उपसण्याचे होते. त्याची पुढची पाती बर्फ खात आणि वरचे वाकडे नळकांडे तो लांब भिरकावून देई.

आमचे खोके कुणाच्या घरी निघाले होते, देव जाणे. उतरले ते धामणगाव रेल्वेच्या मालधक्क्यावर. पत्ता पुसला गेलेला, वाली कोणी नाही. १९५५ साली स्टेशनवर बेवारस मालाचा लिलाव झाला. वलगावच्या पलीकडे एक लहान गाव आहे. तिथल्या किसनराव नावाच्या शेतकऱ्याने आम्हाला उचलले आणि ट्रकवर घालून घरी नेले. त्याने फक्त खोक्यावरचे चित्र पाहिले होते. धामणगावच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला पांढरा ढीग दाखवा; तो दुसरे काय म्हणणार? किसनरावाला वाटले, ही कापूस उचलायची मशीन आहे.

गावात इंग्रजी वाचणारा एकच होता. बुधाजी. अमरावतीच्या कचेरीत कारकून, रोज सायकलने जाई. पुढच्या वर्षी तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. पण त्याच्या आधीही मंत्र-तंत्र, अंगारे-धुपारे मानणाऱ्यातला तो नव्हता. तो लिहिलेले मानत असे. शब्दकोश मांडीवर घेऊन त्याने मला दोन तास वाचले.

"हा कापूस नोहे, किसनरावजी. बर्फ हाय."

"बर्फ? कुल्फीवाल्याचा?"

"आभायातून पडते तो."

"आपल्या इकडं कोठी पडते गा?"

"नाही पडत. म्हणून तं ग्यारंटी सुरू झाली नाही. आन् सुरू झाली नाही म्हणून संपतबी नाही."

मग त्याने माझी कलमे मोठ्याने सांगितली. यंत्र फक्त बर्फावर चालवावे. इतर कशावर चालवल्यास हमी रद्द. पहिला बर्फ पडेल त्या दिवशी हमी सुरू होईल व पुढचे दोन हिवाळे राहील. या काळात यंत्रापायी जे तुटेल वा हरवेल, ते वर्णनाबरहुकूम नवे मिळेल.

किसनराव शब्दाचा पक्का माणूस. कापसाला त्याने यंत्र लावले नाही. बुधाजीने नाव-गाव लिहिले, ठिपक्यांवर घडी पाडली आणि मला फाडले. खालचा अर्धा भाग टपालात टाकायचा म्हणून खिशात घालून नेला. मित्रांनो, कागदाला फाटताना दुखत नाही. नंतर दुखते. त्या दिवसापासून माझ्या फाटक्या कडेला गारवा लागू लागला. मी समजलो, माझा अर्धा त्या थंड देशात पोचला.

ते दिवस मानाचे होते. माणसे यंत्र बघायला येत. दसऱ्याला नांगर-वखरांबरोबर यंत्राला हळदकुंकू लागे, आणि त्याच बोटाचा एक ठिपका मलाही. तो अजून आहे.

दर जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, एक कार्ड येई. त्यावर एकच ओळ असे.

बर्फ पडला काय?

पाठवणाऱ्याचा पत्ता कधीच नसे. उत्तर कुठे धाडायचे? किसनराव कार्ड हातात घेऊन त्यालाच सांगे, "नाही पडला बावा." हसायचा. तिसऱ्या वर्षी तो हसला नाही. चौथ्या वर्षी बुधाजीची बदली अकोल्याला झाली, तरी कार्ड आले. ते वाचायला आता कोणी लागत नव्हते.

आता मोतीरामाविषयी सांगायला हवे. तो गावचा गारपगारी. गारांचा ढग आला की शिवारात उभे राहून तो परतवायचा, हे त्याच्या घराचे पिढीजात काम. तरुणपणी एकदा ढग ऐकेना, तेव्हा त्याने विळ्याने उजवा तळवा कापून मारुतीपुढे रक्त सांडले होते. त्याचा वण तळव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. त्यानंतर गावावर गार पडली नव्हती. एरवी माणूस म्हणाल तर अवघड. तंबाखू खाऊन कुडावर थुंकायचा, घोरायचा, आणि बायकोशी, चतुराबाईशी, सकाळपासून भांडायचा. गावातल्या कोंबड्यांच्या आधी त्यांचा आवाज उठे.

मी आल्यापासून लोक त्याची चेष्टा करू लागले. "मोतीरामबुवा, तुमची ग्यारंटी कोठी हाय? कागद तं दाखवा!"

मोतीराम थुंकायचा आणि म्हणायचा, "हा कागद गार मांगून राह्यला. पाहा तुमी."

१९६१ च्या माघात, दुपारी तीनच्या सुमाराला, उत्तरेकडून ढग आला. पांढरा आणि खालून हिरवट. मोतीराम मारुतीजवळ, किसनरावाच्या खळ्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि त्याने उजवा हात वर केला. ढग थांबला. मी हे यंत्राच्या मुठीवरून पाहिले आहे. किसनरावाने यंत्र खळ्यात ओढून आणले होते.

"बुवा," तो म्हणाला, "एक डाव पडू द्या ना. माह्या खळ्यापुरती."

"गार खळं वळखत नाही, किसनराव."

"सहा वर्सं झाले. दर साली ते इचारते. माह्याच्यानं आता नाही म्हनवत नाही. माह्याजवळ कागद हाय. तुमच्याजवळ काय हाय?"

मोतीरामाने तळवा वळवून त्याला दाखवला. "हे."

पण दाखवण्यासाठी हात खाली आला होता.

आवाज आधी पत्र्यांवरून आला. मग सगळे पांढरे झाले. पाव तासात खळ्यात गुडघाभर गारा साचल्या. फक्त खळ्यात. कुंपणापलीकडचा हरभरा हलला देखील नव्हता. किसनरावाने दोरी ओढली. सहा वर्षे उभे असलेले यंत्र पहिल्या हिसक्याला चालू झाले. नळकांड्यातून पांढरी कमान उडाली, खोक्यावरच्या चित्रातल्यासारखी. किसनराव लेकरासारखा हसत होता. यंत्र मात्र त्याच्या वळवण्याने वळत नव्हते. ते सरळ मोतीराम उभा होता तिकडे गेले, आणि तिथे आपोआप बंद पडले.

तिथे दोन पावलांच्या आकाराची कोरडी काळी जमीन होती. भोवती गारा. रक्त नाही, कापड नाही, वहाणा नाहीत. गावाने खळे हातांनी उपसले. विहिरी पाहिल्या, नाला पाहिला, पार पूर्णेपर्यंत जाऊन आले.

पंधरा दिवसांनी चतुराबाईने किसनरावाच्या यंत्रावरून मला सुतळीसकट तोडले. तिने मला लुगड्याच्या गाठीत बांधले आणि ती बसने अकोल्याला बुधाजीच्या खोलीवर आली.

"बुधाजीभाऊ, याच्यात लिहिलं हाय म्हनतेत, हरपलं ते नवं देतो म्हून."

"ते यंत्राच्या भागाचं हाय, चतुराबाई."

"माहा माणूस मशीनीपायी हरपला. लिहा तुमी."

"आन् धाडू कोठी? पत्ता त्या दुसऱ्या अर्ध्यावर होता."

"धाडू नका. लिहा तं खरं."

बुधाजीने मला पालथे केले. माझ्या पाठीवर रकाने होते.

हरवलेला नग: एक
नाव: मोतीराम
वापर: साठ वर्षे, अदमासे
रंग: सावळा
खोट अथवा खुणा:

इथे टाक थांबला. "काही खोट होती का? वण, खूण?"

चतुराबाईने पदर तोंडाला लावला. "गेल्या माणसाची खोट सांगतेत का कोणी? काहीच खोट नव्हती. देवमाणूस होता."

आपल्याकडची रीत आहे ती. बुधाजीने लिहिले: काही नाही.

मला सगळे ठाऊक होते, मित्रांनो. पण कागदाला फक्त लिहिलेले बोलता येते.

एप्रिलातल्या एका दुपारी चतुराबाई पाणी भरून आली, तर ओसरीवर मोतीराम बसलेला. तिच्या हातून घागर सुटली. ती रडली, हसली, तिने त्याला तांब्याभर पाणी दिले. त्याने तांब्या धरला आणि त्या रणरणत्या उन्हात तांब्याबाहेर दव साचले.

"कोठी होते एवढे दिवस?"

"बरं," तो म्हणाला.

गाव आनंदले. किसनरावाने नारळ फोडला. गारांचे ढग आता गावाजवळ येताच वळत. परत आलेल्या मोतीरामाला हात वर करावा लागत नसे. ओळखीच्या माणसाच्या दारावरून जाताना पाय जरा सावकाश पडावेत, तसे ते त्याच्यावरून जाताना हळू होत. मी चतुराबाईच्या घरी कोनाड्यात होतो. तो घोरत नसे. थुंकत नसे. कुड कधी नव्हता इतका स्वच्छ झाला. चुलीपासून तो चार हात लांब बसे. तिने काहीही म्हटले की "बरं" म्हणे.

एके दिवशी तिने त्याचा उजवा हात धरून उलटा केला. तळवा नव्या कौलासारखा गुळगुळीत होता.

"तुमचा वण कोठी गेला?"

"नव्हता."

"कोन म्हने?"

"तसं लिहिलं हाय," तो म्हणाला, आणि त्याने कोनाड्याकडे, माझ्याकडे पाहिले.

त्यानंतर ती शेजारच्या खोलीत निजू लागली.

असे दोन हिवाळे गेले. १९६३ च्या जानेवारीत शेवटचे कार्ड आले. या वेळी त्यावर एका ओळीपेक्षा जास्त मजकूर होता, म्हणून किसनरावाने अकोल्याहून बुधाजीला बोलावून आणले. रविवारची सकाळ होती. परत आलेला तो चतुराबाईच्या ओसरीवर उन्हाबाहेर बसला होता. बुधाजीने वाचले: मुदत संपत आली आहे. वाढवायची असल्यास आपणाजवळील अर्ध्या भागावर अंगठा उठवावा.

"मी असलं मानत नाही," बुधाजी म्हणाला. पण त्याने त्या बसलेल्याकडे पाहायचे टाळले.

"लाव वो चतुराबाई अंगठा," किसनराव म्हणाला. दोन वर्षांत तो म्हातारा झाला होता. "घरात माणूस तं राहीन."

चतुराबाई उठून त्या बसलेल्यापुढे जाऊन उभी राहिली. "भांडा ना माह्याशी. एक डाव."

"बरं," तो म्हणाला आणि वाट पाहत बसला.

"कुडावर थुकता, लाज नाही वाटत?"

त्याने कुडाकडे पाहिले. "नाही थुकलो."

ती मटकन खाली बसली. मग ती बुधाजीला म्हणाली, "तो रकाना काढा. खोटीचा. मी लबाड बोलली होती. आता खरं लिहा."

बुधाजीने 'काही नाही' वर काट मारली.

"लिहा, घोरते. रेड्यासारखा घोरते." टाक चालू लागला. "तंबाखू खाते. माह्या मायच्या नावानं शिव्या देते. लग्नात माह्या भावाशी मारामारी केली, ते लिहा. भाजीत मीठ कमी म्हने, आन् जास्त पडलं तरी कमीच म्हने. उजव्या हाताले वण हाय."

माझ्या पाठीवर ओळ वाढत होती, आणि ओसरीवरून पाणी ओघळत होते. आधी त्याची बोटे ओली झाली, मग धोतर. तो वर्णनाला उतरेनासा झाला होता. किसनराव भिंतीला पाठ लावून उभा राहिला. चतुराबाई थांबली नाही.

"आन् लिहा, माह्याशी बोलल्याबिगर त्याचा दिवस उगवे नाही."

तेव्हा त्याने तोंड उघडले. आवाज जुना होता, खरखरीत, तंबाखूचा.

"किती बोलतं वो तू!"

आणि ओसरीवर फक्त पाणी राहिले. ते अंगणात उतरले आणि काळ्या मातीने ते पिऊन टाकले. चतुराबाई रडली, पण दोन वर्षांत प्रथमच तिने कपाळाचे कुंकू पुसले. मग तिने मला उचलून उन्हात वाळत घातले. मी त्या दिवशी भिजलो, म्हणून माझी काही अक्षरे पसरली आहेत.

त्यानंतर कार्ड आले नाही. यंत्राच्या नळकांड्यात कोंबडी अंडी घालते. गार पडते कधीकधी, सगळ्यांच्या शेतावर सारखी पडते. मारुतीजवळ कोणी उभे राहत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, असे माझ्या जातीचे सगळे सांगतात. मीही सांगतो. पण मला आणखी एक सांगायचे आहे. जे जपायचे, त्याच्या खोटीही नीट लक्षात ठेवा. तुमच्या आवडत्या माणसाविषयी कोणी विचारले तर तो घोरतो तेही सांगा. गुळगुळीत वर्णन केले तर गुळगुळीतच काही दाराशी येऊन बसेल.

माझी फाटकी कड अजून गार आहे.

१९५५ साली बुधाजी माझा खालचा अर्धा भाग टपालात टाकायला विसरला; तो त्याच्या शब्दकोशात 'एस' आणि 'टी' यांच्यामध्ये होता आणि तिथून कधीच हलला नाही.