पाठ कोणाची

फोटोग्राफरला मित्रमंडळींत सगळे मुंडकेकाप्या म्हणत. चाळीस वर्षं त्याने शहरातल्या स्वतःसारख्या, पुरुषांवरच जीव जडलेल्या पुरुषांचे फोटो काढले. बंद दुकानामागे नाचणारे, बागेतल्या बाकावर खेटून बसलेले, एका ताटात जेवणारे. पण चेहरा एकाचाही नाही. तेव्हा चेहरा ओळखला गेला की नोकरी जायची, घर सुटायचं. म्हणून तो पाठी टिपायचा, मनगटं टिपायचा, बूट टिपायचा. कोणी भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून चिडवलं, तर म्हणायचा, "राक्षस तुमच्या ओळखीचा नाही, माझ्या आहे."

आता काळ पालटला होता. वाचनालयाच्या वरच्या दालनात त्याचं प्रदर्शन लागलं होतं, पण जीव एकाच फोटोत अडकला होता. त्यात त्याच्या जोडीदाराची, शिंप्याची पाठ होती आणि पाठीवर फोटोग्राफरचा स्वतःचा हात. दोघं आयुष्यभर एका घरात राहिले, तरी शिंप्याच्या थोरल्या बहिणीला फोटोग्राफर फक्त भाडेकरू म्हणून ठाऊक होता.

"फोटो लाव," शिंपी म्हणाला होता, "पण माझं नाव काढलंस तर याद राख."

फोटोग्राफरने मान डोलावली. मनात मात्र एकच होतं, मरण्याआधी एकदा तरी ह्याने मला चारचौघांत आपलं म्हणावं.

पहिल्याच दिवशी शिंपी बहिणीला घेऊन आला, भाडेकरूचं प्रदर्शन म्हणून. तिथे भलतीच गंमत चालली होती. जन्मभर तोंड लपवलेली म्हातारी मंडळी आता पाठींवरून भांडत होती.

"हे बूट माझे!"

"तुझे? तुझा पाय एवढा नाजूक कधी होता रे?"

निवृत्त न्हावी तर शिंप्याच्या फोटोपुढे छाती काढून उभा. "ही पाठ आपली. काय डौल होता बघा! हात कोणाचा ते मात्र विचारू नका."

शिंप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझी? तुझ्या खांद्यावर सदरा कधी धड बसलाय का? ही शिवण माझ्या हातची आहे. पाठ माझी, आणि हात ह्याचा!"

त्याने फोटोग्राफरकडे बोट दाखवलं आणि मग त्याला आठवलं, ताई शेजारीच आहे. तो पांढराफटक पडला. फोटोग्राफरला एकाच वेळी आनंद झाला आणि धडकी भरली.

ताईने चष्मा पुसून फोटो जवळून पाहिला.

"भाडेकरू," ती म्हणाली. "दर वेळी मी विचारायचे, माझा भाऊ भाडं जास्त तर घेत नाही ना? हसत असाल दोघं मला."

"हसलो नाही, बाई. भीती वाटायची."

तिचे डोळे भरून आले. रागही आला होता, तो तिने लपवला नाही. "माझी भीती?" असं म्हणत तिने भावाच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. मग फोटोग्राफरकडे वळली.

"आणि तू रे, बाई बाई काय लावलंयस? परकी आहे का मी? ताई म्हण."

त्याला सख्खी बहीण नव्हती. हा शब्द त्याने कधी कोणासाठी वापरलाच नव्हता. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"ताई," तो म्हणाला.

"हं," म्हणत तिने त्याचा दंड धरला. "चल, आता बाकीच्या पाठी दाखव."