दोन कथांतील एक इस्त्री

संकेतस्थळावर कथा लिहिणाऱ्यांच्या त्या मंडळात अण्णांचा शब्द अखेरचा मानला जाई. मुद्रितशोधक म्हणून छापखान्यात हयात घालवलेल्या अण्णांकडे नियमपालनाचे काम होते, आणि ते काम ते चष्मा स्वच्छ पुसून, पूजेला बसावे तसे बसून करीत. पहिला नियम असा होता: कथा लेखकाची स्वतःची असावी, उचलेगिरी सिद्ध झाल्यास कथा काढली जाईल आणि लेखकाला मंडळ सोडावे लागेल.

त्या सकाळी ‘कंदील’ या टोपणनावाच्या जुन्या सभासदाची तक्रार आली. ‘पारवा’ नावाच्या नव्या लेखिकेने आपली कथा चोरली आहे, तिला ताबडतोब काढावे.

अण्णांनी दोन्ही कथा शेजारी शेजारी उघडल्या. दोन्हींत धुलाईच्या दुकानात इस्त्री करणारी आई, ओल्या बोटाने धग पाहण्याची तिची सवय, गिऱ्हाइकाच्या रेशमी सदऱ्यावर उमटलेला तपकिरी डाग, मालकाचे खाकरणे आणि गेलेली नोकरी.

“सापडला वाटतं चोर,” सूनबाई मागून डोकावत म्हणाली.

“फार सहज सापडला, तेच खटकतंय.”

कारण एका जागी कथांच्या वाटा फुटत होत्या. कंदिलाच्या कथेत आईचा डोळा लागतो आणि सदरा जळतो. पारव्याच्या कथेत आई पाणी आणायला गेलेली असते. थोरला मुलगा गंमत म्हणून इस्त्री सदऱ्यावर टेकवतो, आणि आई दोष आपल्या अंगावर घेते.

अण्णांनी पारव्याला फोन लावला.

“बाई, ही कथा कुठून आणलीत?”

“घरातून.”

“कंदिलाच्या?”

“घर एकच आहे, अण्णा. तो माझा दादा. टोपणनावामागे लपला तरी आईला लपवता येतं होय? त्याची कथा वाचली आणि डोकंच फिरलं, म्हणून खरं काय ते लिहिलं. पण मला काढू नका हो. लिहायला मला दुसरी जागा नाही.”

अण्णांचा संशय शमला नाही. तो केवळ एका माणसावरून दोघांवर पसरला. त्यांनी कंदिलाला फोन केला.

“पारवा तुमची बहीण का?”

“असेल. म्हणून नियम बदलतो का? माझी कथा आधीची आहे.”

“आणि इस्त्री कुणी टेकवली?”

“तुम्ही नियम बघताय की माझ्या घराची झडती घेताय?”

“जे तुमच्या कथेत नव्हतंच, ते तिनं तुमच्याकडून कसं उचललं, एवढंच विचारतोय.”

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

“आई जाईपर्यंत कुणाला एक शब्द बोलली नाही,” तो पुटपुटला. “मग हिला कुणी सांगितलं?”

अण्णांनी सावकाश फोन ठेवला. निर्णय लिहिला: ‘दोन्ही कथा स्वतंत्र आहेत. तक्रार फेटाळण्यात येत आहे.’

“आणि खरं कुणाचं, ते नाही लिहायचं?” सूनबाईने विचारले.

“ते त्या दोघांनी लिहावं. लिहिणाऱ्याला कुणी हुसकावू नये, एवढंच माझ्याकडे.”

दुपारी पारव्याचा निरोप आला: ‘दादाचा फोन वाजतोय. उचलू का?’

माफी मागायला की दटावायला? अण्णा त्या ओळीकडे पाहत राहिले. मग एकेक अक्षर निवडून त्यांनी उत्तर पाठवले: ‘उचला. पण तो काहीही म्हणाला तरी कथा काढू नका.’