थिनरची खोली

धाकट्याचे डोळे पिवळे झाले, तेव्हा कावीळ समजून महिना गेला. मग निदान आलं: पित्तनलिकेचा कॅन्सर, यकृतात पसरलेला, शस्त्रक्रियेच्या पलीकडचा. थोरल्या भावाच्या छापखान्यात तो बावीस वर्षं मशीनचे रूळ थिनरने पुसत होता, तेही बिनखिडकीच्या खोलीत.

"त्यानेच झालं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्या वाफा चांगल्या नाहीत. आता तीन औषधं एकत्र देऊ. केमो गाठीवर घाव घालेल, रोजची गोळी तिची रसद तोडेल आणि तिसरं औषध शरीरातल्या पहारेकऱ्यांना जागं करेल."

दर तीन आठवड्यांनी सलाइन चढे. थोरला बाहेरच्या बाकावर बसून राही. धाकटा त्याला आत येऊ देत नसे. तिसऱ्या खेपेला थोरला आत घुसलाच.

"पाठच्या भावाचं मी मुद्दाम वाईट करेन का?"

"मुद्दाम नाही, दादा. आळसाने. ते जास्त झोंबतं." गोळीमुळे धाकट्याच्या तळहातांची सालं निघत होती. "खोलीत आता कोण असतं?"

"दोघं."

"आणि खिडकी?"

थोरला खाली बघू लागला. धाकट्याच्या बायकोने उठून दार उघडलं. "भावोजी, निघा."

चार दिवसांनी धाकटा भिंतीला धरत धरत छापखान्यात गेला आणि त्या दोघांना म्हणाला, "उठा. माझे डोळे बघा आणि घरी जा."

ते उठले. थोरला ओरडला, "माझं काम बंद पाडतोस?"

"हो."

दाराला बाहेरून कडी घालून धाकटा त्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसला. संध्याकाळपर्यंत हलला नाही. शेवटी थोरल्याने खोलीला कुलूप ठोकलं.

पाच महिन्यांनी स्कॅनमध्ये यकृतातले डाग गेले होते आणि मूळ गाठ निम्म्यावर आली होती. आधी शस्त्रक्रियेला नाही म्हणणारा सर्जन आता तयार झाला. गाठीसकट यकृताचा तुकडा काढला, धाकटा वाचला. पुढची हमी कुणी दिली नाही.

थोरला वॉर्डात आला. "खोलीची भिंत पाडली. पंखा बसवला."

पाठ करून पडलेल्या धाकट्याने कूस बदलली नाही. "त्या दोघांच्या तपासण्या?"

"पुढच्या महिन्यात."

"उद्या. नाहीतर पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस."

थोरल्याचा चेहरा लाल झाला. पण खिशातून फोन काढून त्याने तिथेच, भावासमोर, लॅबचा नंबर लावला.